आडव्या रेघा

गुजरीतल्या आमच्या खोलीत
उजेड यायचा तो उंबऱ्यापुरता,
घाईतल्या गिऱ्हाइकासारखा, चप्पल न काढता.
साडेदहा ते अकरा. तेवढ्यात डाग लावून घ्यायचे.
बाकी दिवसभर ट्यूबलाइट,
आणि तिच्याखाली सोनं हिरवट दिसतं.
ऊन थेट आलं तरी पंचाईत:
पत्र्यावरून उसळून डोळ्यांत शिरतं,
करवत चुकते.

दस्तगीर शिकलगार आला
सायकलला गोणपाटात काचा बांधून.
म्हणाला, आमच्या पणज्यानं तलवारी घासल्या
तोंड दिसंस्तोवर.
मी काच घासतो, तोंड दिसू नये म्हणून.
पोटाला दोन्ही सारखंच.

पण ही दुधी काच तुमच्या कामाची न्हाई, ताई.
ही उजेड वाटत सुटती,
लग्नपत्रिका वाटल्यागत, गल्लीभर.
तुमास्नी तो पाठवायचाय. पत्त्यावर.

मग गोणपाटातून निघाली रेघांची काच,
शाहूपुरीतल्या कुठल्याशा पाडलेल्या गोदामातली.
बोट फिरवलं तर कंगव्यासारखी खरखर.
प्रत्येक रेघ एका अंगानं उतरती, दुसऱ्या अंगानं उभी:
पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या
कुणी नखाएवढ्या करून ओतलेल्या.

त्याच्या पोरानं घाईत ती उभी बसवली.
उजेड दोन्ही भिंतींवर फुटला,
डावीकडं कॅलेंडर, उजवीकडं मीटरचा बोर्ड,
मध्ये बाकावर काळोख जसाच्या तसा.
दस्तगीर ओरडला नाही.
अरं, रेघा उभ्या तर उजेड आडवा पळतोय.
फिरीव.

फिरवली. पुट्टी दाबली.
उजेड आधी वर गेला,
तुळईखाली जरा रेंगाळला,
मग उतरला मागच्या कोपऱ्यात,
जिथं आण्णांची शेगडी, मूस, फुटक्या कुंड्या,
जिथं मी आजवर
फक्त हातानं चाचपत गेले.

फरशीच्या फटीत काहीतरी चमकलं.
चमकलंही नाही,
पिवळं वाटलं फक्त.
चिमट्यानं ओढलं.
साजातला मासा.
लाख भरलेला, वरची कडी तुटलेली.

हा मासा मला माहीत आहे.
मी आठवीत होते. साजात एक पान कमी भरलं
आणि आण्णांनी भुजगोंडाच्या खिशात हात घातला,
सगळ्यांदेखत. मग त्याच्या डब्यात. मग टोपीत.
सापडला नाही, म्हणजे लपवला.
भुजगोंडा उठला,
फुंकणी सदऱ्याला पुसून जागेवर ठेवली,
चिमटे लहान-मोठे लावून ठेवले,
आणि गेला. महिन्याचा पगारही न मागता.

आण्णा बाहेर पायरीवर.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला,
ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत.
उजेड झाला काय गं मागं?
झाला, म्हटलो.
कसा हाय?
मऊ हाय.

दस्तगीर मजुरी सांगतो, सातशे.
मी डाव्या हातानं मोजून देते,
उजव्या मुठीत मासा.
भुजगोंडा हुपरीला असतो म्हणे,
पैंजणाच्या कारखान्यात. नातवंडं झाली.

दुपारी कुणी नसताना
मासा खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला
आणि आत येऊन काचेतून पाहिलं.
सात-आठ मासे, एकावर एक रचलेले,
कुणाला डोळा नाही, कुणाला शेपूट,
एकही पुरता नाही.
मान वरखाली केली की सगळे हलायचे.

बराच वेळ हलवत बसले.

मग कागदाच्या पुडीत मासा बांधला,
बाक झाकला.
आण्णा, म्हटलो, चपला घाला.
सव्वातीनची हुपरी गाठायची आहे.